उजेडाचा निवाडा कोणी करायचा?

एचडीआरचं नाव निघालं की नाक मुरडणं ही आपल्याकडे जाणकारीची खूण झाली आहे. कॅमेरा क्लबची बैठक असो, प्रदर्शन असो की स्पर्धेचं परीक्षण, एखाद्या फोटोत आकाशातले ढगही शाबूत आहेत आणि ओसरीच्या आतला काळोखही वाचता येतोय असं दिसलं की कोणीतरी ज्येष्ठ मान हलवतात आणि म्हणतात, “एचडीआर दिसतंय!” पुढे काही बोलायची गरज उरत नाही. निकाल लागलेला असतो.

या निकालामागे साधारण पाच आरोप असतात. एक, हे डोळ्याला दिसतं तसं नाही. दोन, जुन्या उस्तादांनी असले उद्योग केले नाहीत. तीन, ते भडक आणि अभिरुचीहीन दिसतं. चार, यातून खोटेपणाला वाट मिळते. आणि पाचवा, अलीकडचा, जरा थकलेल्या सुरातला: फोन हे सगळं आपोआप करतो, मग ट्रायपॉड घेऊन घाम गाळायची हौस कशाला? पाचही आरोपांत थोडंफार तथ्य आहे. नुसती टवाळी असती तर हसून सोडता आली असती. थोडं खरं असलेला आरोप मात्र नीट तपासून खोडावा लागतो.

आधी वाद कशाबद्दल आहे ते पाहू. एचडीआरमध्ये, म्हणजे हाय डायनॅमिक रेंजमध्ये, दोन वेगळी कामं असतात. पहिलं काम नोंदीचं. कॅमेरा हलू न देता एकाच दृश्याच्या तीन किंवा पाच फ्रेम घ्यायच्या, एक अंधारी, एक मधली, एक उजळ, आणि त्या जोडून दृश्यातला सगळा उजेड एका फाइलमध्ये साठवायचा. दुसरं काम बसवणुकीचं. साठवलेला हा प्रचंड पल्ला कागदावर किंवा पडद्यावर मावेल असा आवळायचा. याला टोन मॅपिंग म्हणतात. लोकांना जे खटकतं ते जवळजवळ सगळं दुसऱ्या कामात घडतं. राग मात्र सरसकट दोन्हींवर निघतो.

ही आवळाआवळी करावी का लागते? कोकणातलं एखादं जुनं घर घ्या. दुपारची वेळ, माजघरात उभं राहून ओटीच्या दारातून दिसणाऱ्या अंगणाचा फोटो काढायचा आहे. अंगणात रणरणत्या उन्हाचा उजेड साधारण १,००,००० लक्स. माजघरात, कौलांमध्ये बसवलेल्या काचेखालचा कवडसा सोडला, तर फार तर ५० लक्स. म्हणजे २,००० पटींचा फरक. छायाचित्रकार हा फरक स्टॉपमध्ये मोजतात. एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. २,००० पट म्हणजे ११ स्टॉप. शिवाय अंगणातली चुन्याची भिंत पडलेल्या उजेडापैकी ८०-९० टक्के परत फेकते आणि माजघरातला धुराने काळवंडलेला खांब जेमतेम ३-४ टक्के. त्याचे आणखी साडेचार स्टॉप धरा. एकूण पंधरा-सोळा स्टॉपचं दृश्य झालं.

आता साधनांकडे पाहा. स्लाइड फिल्मवर ५-६ स्टॉपांत भागवावं लागे. आजचा उत्तम फुल-फ्रेम सेन्सर मोजमापात १४च्या आसपास पोचतो, आणि त्यातले तळाचे दोन-तीन नॉइझने गढूळ असतात. चकचकीत कागदावरच्या प्रिंटमध्ये सर्वांत पांढरं आणि सर्वांत काळं यांच्यात शंभर-दीडशे पटींचा फरक असतो, म्हणजे सातेक स्टॉप. सोळा स्टॉपचं जग सात स्टॉपच्या कागदावर उतरवायचं आहे. काहीतरी सोडावं लागणार, नाहीतर काहीतरी दाबावं लागणार. अंगण जाळून माजघर वाचवा, माजघर बुडवून अंगण वाचवा किंवा दोन्ही आवळून बसवा. यांतलं काहीही न करता फोटो निघत नाही. एकाच फ्रेमवर निष्ठा ठेवणाऱ्याने हा निवाडा टाळलेला नसतो. त्याने फक्त सोडून देण्याचा पर्याय निवडलेला असतो.

इथे पहिल्या आरोपाचं उत्तर सुरू होतं. “डोळ्याला असं दिसत नाही.” मग कसं दिसतं? माजघरात उभ्या असलेल्या माणसाला अंगण पांढऱ्या चुन्याच्या डागासारखं दिसतं का? घरातली माणसं काळ्या आकृत्या दिसतात का? नाही. त्याला अंगणातली तुळसही दिसते आणि खांबाशी बसलेली आजीही. डोळा काही कॅमेऱ्यासारखा एका झटक्यात सगळं चित्र टिपत नाही. त्याची बारीक पाहण्याची जागा जेमतेम दोन अंशांची आहे. हात लांब करून अंगठा धरला तर नखाएवढी. बुबुळ सतत उड्या मारत दृश्याचे तुकडे वेचत राहतं. बाहुली दोन मिलिमीटरपासून आठ मिलिमीटरपर्यंत लहानमोठी होते. त्याने उजेडात सोळा पट, म्हणजे चार स्टॉपचा फरक पडतो. उरलेलं काम दृष्टिपटल जागच्या जागी जुळवून घेत करतं आणि मेंदू या तुकड्यांचं एक सलग दृश्य उभं करतो. वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या नोंदी घेऊन त्या जोडण्याचा हा उद्योग निसर्गाने फार आधीपासून चालवला आहे. डोळ्याची साक्ष काढायचीच झाली तर ती एका फ्रेमच्या बाजूने जात नाही.

आपल्या उन्हात तर हा प्रश्न पावलोपावली भेटतो. आषाढीच्या वाटेवरचा वारकरी घ्या. रापलेला सावळा चेहरा, कपाळी बुक्का आणि डोक्यावर कडक पांढरी टोपी. ढग बाजूला होऊन ऊन पडलं की टोपी वाचवावी तर चेहरा बुडतो, चेहरा वाचवावा तर टोपी जळते. वारीचे असे फोटो आपण इतके पाहिलेत की जळकी टोपी खटकेनाशी झाली आहे. चालत्या माणसावर तीन फ्रेमचं ब्रॅकेटिंग चालत नाही हे खरं, पण एकाच रॉ फाइलमधून टोपी आणि चेहरा दोघांनाही न्याय द्यायचा तर तीच आवळण्याची विद्या लागते. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या सावलीतून बाहेर आणणाऱ्याला “कृत्रिम” म्हणायचं आणि टोपीचा पांढरा भोकसा करणाऱ्याला “नैसर्गिक” म्हणायचं, ही वाटणी कोणत्या डोळ्याच्या आधारावर केली जाते ते एकदा कळायला हवं.

दुसरा आरोप उस्तादांच्या नावाने होतो, आणि इतिहास उघडला की तो टिकत नाही. फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रेची १८५६-५७ मधली समुद्रचित्रं छायाचित्रणाच्या इतिहासात मानाच्या पानावर आहेत. त्या काळच्या कलोडियन काचांना निळा रंग फार लवकर लागे. समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश कोरं होऊन जाई. ल ग्रेने अनेक चित्रांसाठी दोन निगेटिव्ह वापरल्या, एक पाण्याची, एक आभाळाची, आणि क्षितिजाच्या रेषेवर सांधा लपवून त्या एका कागदावर छापल्या. इतकंच कशाला, त्याच्या एकाहून अधिक चित्रांत तेच ढग सापडतात. आजचा हौशी माणूस एकाच जागेवरून, काही क्षणांत घेतलेल्या फ्रेम जोडतो. ल ग्रेने एका वेळचं आभाळ दुसऱ्या वेळच्या समुद्रावर आणून बसवलं. तरी त्याची चित्रं संग्रहालयांत मानाने टांगली जातात आणि याची परीक्षक बाजूला ठेवतात.

अ‍ॅन्सल अ‍ॅडम्सचं नाव तर शुद्धतावादी मंडळी देवासारखं घेतात. त्याने आणि फ्रेड आर्चरने १९४० च्या सुमारास बांधलेली झोन सिस्टिम नेमकी कशासाठी होती? दृश्यातल्या उजेडाचा पल्ला आधी मोजायचा, मग एक्स्पोजर आणि डेव्हलपिंग यांचा मेळ घालून तो निगेटिव्हवर आणि शेवटी कागदावर बसवायचा. शून्य ते दहा अशा अकरा पायऱ्यांत कोणती गोष्ट कुठे बसेल हे छायाचित्रकाराने स्वतः ठरवायचं. ‘मूनराइज, हर्नांडेझ’ हे त्याचं जगप्रसिद्ध छायाचित्र १९४१ चं. प्रकाशमापक सापडेना तेव्हा त्याने चंद्राची ठाऊक असलेली दीप्ती धरून मनातल्या मनात एक्स्पोजर काढलं. पुढचं गाव आणि क्रूस निगेटिव्हवर फार पातळ उमटले, म्हणून १९४८ मध्ये त्याने निगेटिव्हचा तेवढा भाग रसायनात बुडवून गडद केला. डार्करूममध्ये प्रत्येक प्रिंटवर काही भाग झाकून उजळ ठेवायचा, काही भागाला जास्त उजेड देऊन काळा करायचा, हे डॉजिंग-बर्निंग चालूच होतं. सुरुवातीच्या प्रिंटमधलं फिकट ढगांचं आभाळ नंतरच्या प्रिंटमध्ये जवळजवळ काळंभोर झालं आहे. मग यांतला “खरा” हर्नांडेझ कोणता?

२००२ मध्ये एरिक राइनहार्ड आणि सहकाऱ्यांनी टोन मॅपिंगची जी पद्धत मांडली, आणि जी आजही असंख्य सॉफ्टवेअरमध्ये वापरली जाते, तिचा आराखडाच झोन सिस्टिमवर आणि डार्करूममधल्या डॉजिंग-बर्निंगवर उभा आहे. तेव्हा अ‍ॅडम्सची तसबीर भिंतीवर लावून एचडीआरला नावं ठेवणं म्हणजे आजोबांना नमस्कार करायचा आणि नातवाला उंबऱ्याबाहेर उभं करायचं, असं झालं.

तिसऱ्या आरोपापाशी मी आनंदाने अर्धी शरणागती पत्करतो. होय, एचडीआरच्या नावावर डोळ्यांवर अत्याचार झालेले आहेत. २००५ मध्ये फोटोशॉपमध्ये फ्रेम जोडण्याची सोय आली, फोटोमॅटिक्ससारखी सॉफ्टवेअर हौशी लोकांच्या हाती पडली आणि पुढची पाचसहा वर्षं नुसता धुमाकूळ झाला. किल्ल्यांच्या तटबंद्या जखमेवरच्या खपल्यांसारख्या दिसू लागल्या, मंदिरांच्या कळसांभोवती पांढरी वलयं उठली, साध्या ढगांना प्रलयकाळ चढला आणि माणसांच्या कातड्या पत्र्यासारख्या झाल्या. हे सगळं वाईटच होतं. त्याचं समर्थन करायला हा लेख नाही.

पण ते वाईट का झालं याचा विचार परीक्षक करत नाहीत. आवळण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात सगळ्या चित्राला एकच वक्ररेषा लावली जाते. त्याने पल्ला बसतो, पण चित्र मवाळ, फिकट होतं. दुसऱ्यात प्रत्येक ठिपक्याभोवतीचा परिसर पाहून त्या त्या जागी वेगळा निर्णय घेतला जातो. आसपासच्या सरासरीपेक्षा ठिपका किती उजळ आहे तेवढं जपायचं आणि सरासरी मात्र खाली किंवा वर सरकवायची. काळ्या डोंगरकडेला उजळ आकाश भिडतं तिथे ही सरासरी चकते, डोंगराचा काळोख आकाशाच्या हिशेबात मिसळतो आणि कडेने वलय उमटतं. स्लायडर शेवटपर्यंत ओढला की प्रत्येक चौरस इंचात सारखाच तपशील ओरडू लागतो. सगळंच ठळक झालं की डोळ्याला थांबायला जागा उरत नाही. यावर उपायही याच क्षेत्रातून आले. कडा ओळखून सरासरी काढणाऱ्या पद्धती २००२ मध्येच मांडल्या गेल्या. २००७ मध्ये मर्टेन्स, काउट्झ आणि व्हान रीथ यांनी तर मधली अवाढव्य फाइल न बनवता, प्रत्येक फ्रेममधला नीट उतरलेला भाग तेवढा उचलून थेट जोडण्याची रीत दाखवली. तिने निघालेले फोटो इतके शांत असतात की ते एचडीआर आहेत हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

नेमका इथेच परीक्षकांच्या डोळ्यांचा घोटाळा होतो. फसलेलं एचडीआर लगेच ओळखू येतं, जमलेलं येत नाही. जमलेल्याला ते “काय सुंदर उजेड मिळालाय!” म्हणून बक्षीस देतात आणि फसलेल्याच्या आधारावर सगळ्या तंत्रावर बंदी मागतात. बेसूर गाणाऱ्यांवरून गायनाचा निकाल कोणी लावत नाही. इथे तो लावला जातो. चांगल्या बसवणुकीची कसोटी अवघड नाही. अंगण माजघरापेक्षा उजळ आहे हे फोटो पाहताच कळलं पाहिजे. काही सावली काळीच राहिली पाहिजे. उजेड कोणत्या दिशेने येतो ते लहान मुलालाही सांगता आलं पाहिजे. या तीन गोष्टी सांभाळल्या तर फ्रेम तीन होत्या की तेरा, याने काय फरक पडतो?

चौथा आरोप खोटेपणाचा, आणि तो सगळ्यांत गंभीर आहे. इथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतील: बातमीचा फोटो आणि हौसेचा फोटो. बातमीत वाचक छायाचित्राला साक्षीदार मानतो. म्हणूनच जानेवारी २०१२ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने पहिल्या पानावर एका पुलाचा, अनेक एक्स्पोजर जोडून केलेला फोटो तशा खुलाशासह छापला, तेव्हाही छायाचित्र-पत्रकारांत वाद झाला. २०१३ मध्ये पॉल हॅन्सनच्या गाझातल्या अंत्ययात्रेच्या पुरस्कारप्राप्त फोटोवर तो अनेक फोटो जोडून केल्याचा आरोप झाला. तज्ज्ञांनी मूळ फाइल तपासून तो एकाच फ्रेमचा असल्याचा निर्वाळा दिला. गडद-उजळ करण्याचं प्रमाण योग्य होतं का, हा प्रश्न मात्र नंतरही चघळला गेला. म्हणजे तिथे तर एचडीआरच्या जोडणीचा संबंधही नव्हता. बातमीदारीत संयम हवाच, माझं काहीच म्हणणं नाही. पण कार्ल्याच्या लेण्याचा फोटो काढणारा हौशी माणूस कोणत्या खटल्यात साक्ष देतोय?

खरं तर एचडीआरचा जन्म मोजमापाच्या गरजेतून झाला आहे. गेल्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत चार्ल्स विकॉफने अणुस्फोटांच्या चित्रणासाठी निरनिराळ्या संवेदनक्षमतेचे तीन थर असलेली फिल्म तयार केली, कारण स्फोटाचा गाभा आणि त्याच्या कडा एका साध्या फिल्मवर मावतच नव्हत्या. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या विद्यापीठात पॉल डेबेवेक आणि आयआयटी कानपूरचे माजी विद्यार्थी जितेंद्र मलिक यांनी साध्या कॅमेऱ्याच्या अनेक एक्स्पोजरवरून दृश्यातल्या प्रत्येक बिंदूची सापेक्ष दीप्ती कशी काढायची ते दाखवलं. खग्रास सूर्यग्रहणातला प्रभामंडल आठवा. सूर्याच्या काठापासून बाहेर जाताना त्याची दीप्ती हजारपटीने आणि त्याहूनही जास्त घसरते. एका फ्रेममध्ये एकतर आतला भाग जळतो किंवा बाहेरचे नाजूक धागे नाहीसे होतात. ग्रहण पाहून आलेला माणूस फोटो पाहून हमखास हिरमुसतो तो यामुळेच. चेक गणितज्ञ मिलोस्लाव्ह द्रुकम्युलर यांनी वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या फ्रेम जोडून केलेल्या प्रतिमा शास्त्रज्ञ वापरतात, कारण सूर्याच्या चुंबकीय क्षेत्राची रचना त्यांच्यात वाचता येते. तिथे एकच फ्रेम देणं हाच माहितीचा खून ठरला असता.

आणि स्पर्धांचे नियम? छायाचित्रणात सर्वांत सोवळा मानला जातो तो निसर्ग विभाग. तिथे गवताची काडी पुसली तरी फोटो बाद होतो. या विभागाची जी सामाईक व्याख्या फियाप, पीएसए आणि आरपीएस या आंतरराष्ट्रीय संस्थांनी २०१५ पासून लागू केली, तिच्यात दृश्याचा आशय न बदलणारी तंत्रं मान्य होती, आणि त्यांत डॉजिंग-बर्निंगच्या शेजारी एचडीआरचं नाव स्पष्ट घेतलेलं होतं. जगभरच्या सोवळ्यातल्यांनी जे स्वयंपाकघरात घेतलं, त्याचा विटाळ आपल्या क्लबांनी का मानावा?

आता पाचवा आरोप. तो आरोपापेक्षा निराशा जास्त आहे, आणि मला सर्वांत महत्त्वाचा तोच वाटतो. फोन हे काम करतो हे खरंच आहे. आयफोनमध्ये २०१० साली एचडीआरचं बटण आलं. २०१३ मध्ये गूगलने नेक्सस ५ मध्ये वेगळी युक्ती केली: उजळ-अंधाऱ्या फ्रेमऐवजी मुद्दाम कमी एक्स्पोजरच्या अनेक फ्रेम भराभर घ्यायच्या, त्या एकमेकींवर जुळवून नॉइझ मारायचा आणि मग सावल्या उचलायच्या. आज बहुतेक चांगल्या फोनमध्ये असलं काहीतरी न विचारता, प्रत्येक फोटोवर, सेकंदाच्या आत घडतं. बटण कधीच गेलं. एचडीआर “वापरत नाही” असं सांगणारी मंडळी खिशातल्या फोनवर रोज तेच काढतायत आणि कुटुंबाच्या ग्रुपवर पाठवतायत.

मग फोनने काढलेल्या माजघराच्या फोटोत आजीचा चेहरा किती उजळायचा, हे कोणी ठरवलं? आभाळ किती निळं, पानं किती हिरवी, काळोख किती काळा, हे कोणाच्या आवडीने झालं? कुठल्यातरी दूरच्या कार्यालयात काही अभियंत्यांनी असंख्य फोटोंवरून काढलेल्या अंदाजाने. त्या अंदाजांना स्वतःची आवड असते आणि स्वतःचे आंधळे कोपरे असतात. फिल्मच्या जमान्यात कोडॅकच्या प्रिंटिंग प्रयोगशाळांत रंग जुळवायला ज्या नमुना-पट्ट्या असत, त्यांच्यावर बराच काळ गोऱ्या बाईचाच चेहरा होता. सावळ्या कातडीचं काय होईल याची चिंता कोणी केली नव्हती. २०२१ मध्ये गूगलने गडद त्वचा नीट उमटावी म्हणून आपल्या फोनच्या कॅमेऱ्यात खास बदल केले. म्हणजे त्याआधीचं “आपोआप” काही तटस्थ नव्हतं. अंधाऱ्या खोलीतली सावळी आजी उजळून गोरीपान करणारा फोन आणि भडक एचडीआर करणारा नवशिका, दोघंही आवळण्याचं कामच चुकवतात. फरक एवढाच की नवशिक्याला विचारता येतं, “बाबा रे, असं का केलंस?”

कॅमेरावाल्यांनीही फार ऐटीत राहू नये. “माझा फोटो कॅमेऱ्यातून आला तसाच आहे” हे वाक्य मी अभिमानाने उच्चारलेलं पुष्कळदा ऐकलं आहे. कॅमेऱ्यातून आला म्हणजे कसा आला? सेन्सरने १४ बिटांत, म्हणजे १६,३८४ पायऱ्यांत केलेली नोंद जेपेग होताना २५६ पायऱ्यांवर आणली जाते, आणि ती कशी आणायची याची वक्ररेषा कंपनीने आखलेली असते. कॅननमध्ये ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर, निकॉनमध्ये अ‍ॅक्टिव्ह डी-लायटिंग, सोनीत डायनॅमिक रेंज ऑप्टिमायझर अशा नावांनी सावल्या उचलण्याची सोय आतच बसलेली आहे, आणि कॅननच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत ती मुळातच चालू असते. मेन्यूत कधी न शिरलेला शुद्धतावादी वर्षानुवर्षं टोन मॅपिंग करत आला आहे. त्याला फक्त त्याची खबर नाही.

हाताने एचडीआर करून पाहण्याची हौस मोलाची ठरते ती या बेखबरीमुळे. त्यातून मिळणारा फोटो हा फायद्याचा एक भाग झाला. दुसरा भाग म्हणजे उजेड वाचायची लागलेली सवय. अ‍ॅपर्चर आणि आयएसओ बांधून ठेवायचे, कारण अ‍ॅपर्चर बदललं तर फोकसची खोली बदलते आणि आयएसओ बदलला तर नॉइझ. बदलायचा तो फक्त शटर. दोन-दोन स्टॉपच्या अंतराने तीन फ्रेम घेतल्या तर पल्ला चार स्टॉपने वाढतो, तेव्हा किती फ्रेम लागतील हे हिस्टोग्राम पाहून आधी ठरवायचं. वाऱ्याने माडाच्या झावळ्या हलतायत, म्हणजे जोडणीत त्यांची भुतं उमटणार. मग थांबायचं किंवा तेवढा भाग एकाच फ्रेममधून घ्यायचा. कार्ल्याच्या चैत्यगृहात समोरच्या नालाकृती गवाक्षातून येणारा उजेड स्तूपापर्यंत पोचता पोचता कसा विरतो, हे मोजायला लागलात की ते गवाक्ष तिथे का आहे ते नव्याने कळतं. पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय तिथे ट्रायपॉड लावता येत नाही, तेव्हा श्वास रोखून, कॅमेरा दोन्ही हातांत घट्ट धरून तीन फ्रेम सलग सोडायच्या आणि सॉफ्टवेअरला त्या जुळवू द्यायच्या. हे सॉफ्टवेअरही महाग नाही: एनफ्यूज, ल्युमिनन्स एचडीआर, डार्कटेबल ही सगळी फुकट मिळतात आणि ब्रॅकेटिंगची सोय दहा-पंधरा वर्षं जुन्या डीएसएलआरमध्येही असते.

यातून आणखी एक गोष्ट कळते, ती म्हणजे एचडीआर कधी करू नये. श्रावणात सह्याद्रीवर धुकं उतरलं की सगळं दृश्य चार-पाच स्टॉपांत गोळा होतं. एका फ्रेममध्ये ते ऐसपैस मावतं. तिथे तीन फ्रेम जोडून फक्त धुक्याचा चिखल होतो. मावळतीला झाडामागे गेलेला गुराखी काळी आकृती म्हणूनच शोभतो. त्याच्या सदऱ्याची बटणं दाखवायचा हट्ट धरू नये. हे तारतम्य “एचडीआर वाईट” या घोषणेतून येत नाही. फोनच्या आपोआप वागण्यातून तर ते कधीच येणार नाही, कारण तो धुक्यालाही उजळवतो आणि गुराख्यालाही. ज्याने हाताने आवळून पाहिलं आहे त्यालाच कुठे सोडून द्यायचं ते ठरवता येतं.

तेव्हा क्लबांना आणि परीक्षकांना माझी एक रोखठोक सूचना आहे. एचडीआरचा संशय आला की फोटो बाद करण्याऐवजी अंतिम फोटोसोबत मूळ फ्रेमही मागवा. तिन्ही फ्रेम आणि त्यांतून झालेला फोटो शेजारी शेजारी लावा. काय सोडलं, काय दाबलं, कशासाठी दाबलं, हे करणाऱ्याने चारचौघांत सांगावं. भडकपणाचा न्यायही तिथेच होईल आणि शिकणाऱ्यांना दहा व्याख्यानांत मिळणार नाही ते अर्ध्या तासात मिळेल.

मात्र नियम सर्वांना सारखा हवा. “कॅमेऱ्यातून आला तसाच” म्हणणाऱ्यांनी जेपेगसोबत रॉ फाइल आणि कॅमेऱ्याच्या मेन्यूतल्या सगळ्या सेटिंगचा तक्ता जोडावा; फोनवाल्यांनी तर फोनने आतल्या आत काय काय केलं ते सांगून दाखवावं. मग कोणी किती ढवळाढवळ केली याची यादी करू. तिच्यात एचडीआरवाल्याचं नाव असेलच. पण त्याच्या नावापुढे कारणं लिहिलेली असतील, आणि बाकीच्यांच्या नावापुढे कंपनीचं नाव.